बाबांना दिसतं, हे कळवायचं होतं

चारकोप, कांदिवली (प.)
रविवार, १० ऑगस्ट १९८६

तीर्थरूप प्रेमाआत्येच्या पायांशी सुगंधाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? लावणीच्या चिखलात उतरली नसशील अशी आशा आहे, पण उतरली असशील अशी खात्री आहे. तू पाठवलेली कोकमं पोचली, बरणीत भरली. पत्राच्या सुरुवातीला 'इकडे सर्व क्षेम' असं लिहायची पद्धत आहे, पण मला खोटं लिहवत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून 'इकडे बहुतेक क्षेम' असं लिहिते आणि पुढे जाते.

तुझं पत्र परवा आलं. आईने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला थांबली, कारण तू विचारलं होतंस, 'जयवंत पिऊक लागलो काय?' बाबा समोरच बसून भुईमुगाच्या शेंगांकडे नुसतं बघत होते (त्यांना त्या बंद आहेत). त्यांनी मान खाली घातली. मग तू विचारलंस की त्यांचे डोळे गेले हे खरं का, आणि गावठी दारूने जातात तसे गेले का. आणि शेवटी विचारलंस की मुलुंडची मंडळी गणपतीला गावी येणार आहेत, तेव्हा तुझ्याकडे पक्का शब्द मागतील, तर चंद्रप्रकाशच्या स्थळाचं आमचं हो आहे की नाही. आत्ये, पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असं आहे आणि तिसऱ्याचं हो असं आहे. एवढं लिहून मी पाकीट बंद करू शकले असते. पण आपलं हो ऐकल्यावर मुलुंडचं हो राहील की नाही हे एका गोष्टीवर आहे, आणि ती गोष्ट त्यांना आधी कळायला हवी. ती का ते समजण्यासाठी तुला बाबांच्या डोळ्यांचं सगळं पुराण ऐकावं लागेल. त्यात वाईट वागलेलं कोणीच नाही, मूर्खासारखं वागलेली मात्र एकजण आहे, आणि ती हे पत्र लिहिते आहे.

जूनमध्ये बाबांच्या छातीत जड वाटायला लागलं. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, आणि त्यात कोलेस्टेरॉल नावाची चरबी फार निघाली. (आईला वाटलं, चरबी रक्तात असते म्हणजे माणूस वरून सडपातळ का दिसतो. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, पण ती अजून बाबांच्या पोटाकडे संशयाने बघते.) नारळ बंद, अंडं बंद, तळलेली सुरमई बंद, रोज संध्याकाळी मोठ्या रस्त्यापर्यंत चालायचं, आणि निकोटिनिक अॅसिड नावाच्या गोळ्या, जेवणानंतर. डॉक्टर म्हणाले, या गोळीने थोडा वेळ अंग गरम होईल, तोंड लाल होईल, खाज येईल, घाबरू नका. तिथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बाबा शर्टाची बटणं लावत होते तेवढ्यात डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि क्वचित कोणाला या गोळीने धूसर दिसतं. तसं काही वाटलं तर गोळी बंद करा आणि या." हे त्यांनी एकट्या मला सांगितलं. त्यांना वाटलं असेल, मुलगी शिकलेली आहे, ऑफिसात टाइपिंग करते, लक्ष ठेवील. त्यांना काय ठाऊक की 'क्वचित' हा शब्द ऐकल्यावर मला झोप लागत नाही. 'नेहमी' म्हणाले असते तर चाललं असतं, 'कधीच नाही' तर फारच चाललं असतं. क्वचित म्हणजे आमचंच घर, असं मी रिक्षात बसायच्या आधी ठरवून टाकलं होतं.

बाबांना मी हे सांगितलं नाही, कारण त्यांना धूसर दिसेल असं सांगितलं की त्यांना धूसर दिसायला लागेल. (आईला दम्याच्या गोळीबद्दल सांगितलं होतं की हात थरथरतील, तर गोळी गिळायच्या आधीच तिच्या हातातला पेला हलायला लागला होता.) म्हणून मी त्यांची नजर गुपचूप तपासायची ठरवली. पहिल्यांदा भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं. पण बाबांना तिथी, वार, संकष्टी सगळं पाठ असतं, ते डोळे मिटूनही वाचतील. मग विचार केला की जे पाठ करता येत नाही असं काहीतरी हवं. संध्याकाळी आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत जायचो, तिथल्या नाक्यावर बोरिवलीकडून, मालाडकडून बऱ्याच बस येतात. मी सहज विचारल्यासारखं करून म्हणायची, "बाबा, ती येतेय ती कितवी हो?" बाबा आकडा सांगायचे. आणि मी माझ्या डोळ्यांनी पडताळून बघायची.

आत्ये, पहिल्याच संध्याकाळी बाबा म्हणाले शेवटचा आकडा नऊ आहे, आणि मला स्वच्छ एक दिसत होता. दुसऱ्या बसला ते म्हणाले पाच, मला चार. बस जवळ येईपर्यंत थांबून खात्री करावी हे मला सुचायला हवं होतं, पण बस जवळ आली की मी बसकडे बघतच नसे, बाबांच्या डोळ्यांकडे बघत असे, लाल झालेत का, पाणी येतंय का म्हणून. तीन संध्याकाळी मी गप्प राहिले. चौथ्या संध्याकाळी न राहवून हळूच म्हटलं, "बाबा, नऊ नाही, एक आहे तो." बाबांनी पुन्हा बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू म्हणतंस तर एकच असतलो."

हे वाक्य मला आता फार लागतं. तुला ठाऊक आहे, मला दमा होता म्हणून चौथीपर्यंत शाळेत घातलंच नव्हतं, गिरणीची पाळी सुटली की बाबाच मला घरी शिकवायचे, पाटी मांडीवर घेऊन. गणित चुकलं आणि त्यांच्या लक्षात आलं नाही तर मीच सांगायची की बाबा, हे चुकलं आहे, बरोबरची खूण पुसा. तेव्हापासून त्यांनी मनाशी पक्कं केलेलं आहे की ही मुलगी चुकीचं बोलत नाही. म्हणजे बस अगदी नाकासमोरून जायची, त्यांना नऊ म्हणजे नऊ दिसायचा, आणि तरी ते मनात म्हणायचे की माझेच डोळे गेले. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. असा बाप कोणाला मिळाला तर त्या मुलीने आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी, एवढंच मी आता सांगू शकते.

त्यानंतर बाबा आंधळे व्हायची तयारी करायला लागले. घरात डोळे मिटून चालायचा सराव करायचे (आईच्या मिसळणाच्या डब्यात एकदा पाय गेला, हळद अजून फरशीवर आहे). कधी नुसतेच उठून देव्हाऱ्यातली एकेक मूर्ती हातात घेऊन निरखायचे, जशी ती कोणी परत मागणार आहे. आईला म्हणाले, "कमल, तू ती हिरवी साडी नेस ना एकदा." आईने आयुष्यात असं ऐकलेलं नव्हतं, ती घाबरली आणि गाजरं आणायला गेली. घरभर गाजरं. मी ऑफिसात साकीनाक्याला बसून टाइप करताना मधेच रडायची, आणि आमचे साहेब समजायचे की पत्रातली मागणी नामंजूर झाल्याचं मला दुःख होतंय.

आता दारूचं सांगते. जेवणानंतर गोळी घेतली की बाबा खरोखर लाल व्हायचे, म्हणजे उकडलेल्या कुर्लीच्या नांगीसारखे, कानाच्या पाळ्यांसकट. आणि खाजवायचे. नुसतं एवढ्याने कोणी काही म्हटलं नसतं. पण एका संध्याकाळी फिरताना मला रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी सीतारामकाका उभे दिसले. तेच आपले, गिरणीत बाबांबरोबर होते ते, सध्या मालवणीला राहतात. मी म्हटलं, बाबा, सीतारामकाका. बाबा म्हणाले, "सीताराम खंय? थंय कोण नाय." मी म्हटलं, बाबा, ते तुमच्याकडेच बघतायत, मान हलवतायत, नमस्कार तरी करा, काय वाटेल त्यांना. बाबांनी बिचाऱ्यांनी दोन्ही हात जोडले, वाकले, आणि मोठ्याने म्हणाले, "बरो आसंस मा रे?" तो दुकानदाराने वाळत घातलेला रेनकोट होता, टोपीसकट. वाऱ्यावर हलत होता. बाबांना तो रेनकोट आहे हे दिसत होतं, पण मी सीताराम म्हटलं म्हणून त्यांनी त्याच्या घरच्यांची पण चौकशी केली. आणि आमच्या मागेच शेजारच्या वनमालाकाकू भाजी घेऊन उभ्या होत्या. तोंड लाल, आणि रेनकोटला नमस्कार. आता त्यांनी काय समजायचं? वनमालाकाकूंची नणंद मुलुंडला, चंद्रप्रकाशच्या शेजारच्या इमारतीत राहते, हे तुला मी सांगायला नको. तिथून पुढे बातमी तुझ्यापर्यंत कशी आली ते माझ्यापेक्षा तूच नीट सांगू शकशील. मी वनमालाकाकूंना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच समजले असते, फक्त मला त्यांच्याइतकं लांबचं दिसलं नसतं.

आणि याच दिवसांत मुलुंडची मंडळी मला बघायला आली. त्या दुपारी बाबांनी लाल व्हायच्या भीतीने गोळी टाळत टाळत उशिरा घेतली, वर गरम चहा प्यायले (गरम प्यायलं की जास्त लाल होतं, हे नंतर कळलं), आणि बरोबर पाहुणे दारात आले तेव्हा पेटले. चंद्रप्रकाशच्या आईने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि पदर नाकापाशी नेला. पण त्या चांगल्या बाई आहेत, काही बोलल्या नाहीत. मला त्यांनी सुईत दोरा ओवायला सांगितला. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे, थोरल्या सुनेला डोळ्यांचा काही त्रास निघाला होता आणि तो लग्नाआधी कोणी सांगितला नव्हता, म्हणून. मी एका झटक्यात ओवला. आत्ये, बारीकातली बारीक सुई. मग त्यांनी तांदळातले खडे निवडायला दिले, तेही मी असे निवडले की त्या चंद्रप्रकाशला म्हणाल्या, "नजर लख्ख आहे हो पोरीची." आमच्या आईने केवढ्या अभिमानाने माझ्याकडे बघितलं. ते वाक्य आता मला परत करायचं आहे.

कारण डॉक्टर काय म्हणतील या भीतीने इतके दिवस टाळून पुढच्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे जाऊन सांगितलं की बाबांना धूसर दिसतं, मी स्वतः तपासलं आहे. त्यांनी लगेच गोळी बंद केली आणि डोळ्यांच्या डॉक्टर ज्युलियाबाईंकडे पाठवलं. या इथल्याच जुन्या गावठाणातल्या, मराठी आपल्यापेक्षा ठसठशीत बोलतात. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत थेंब घालून, दिवा मारून, आतपर्यंत बघितलं. तक्ता वाचायला लावला. बाबांनी आपला जुनाच चष्मा लावून तळच्या ओळीपर्यंत वाचला, पण प्रत्येक अक्षरानंतर माझ्याकडे वळून बघत होते, बरोबर आहे का म्हणून. बाईंनी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं दिसत नाय म्हणून?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि तेही जरा कौतुकाने. बाई म्हणाल्या, "बाबा, तुम्ही उठा. तू बस गो तिथे."

मी बसले. सगळ्यात वरचं अक्षर आलं. दुसरी ओळ यावी तशी आली. तिसऱ्या ओळीला मी बाईंना सांगितलं की तुमचा तक्ता जुना झालाय, छपाई पुसट आहे. तेवढ्यात माझ्या कानाशी कुजबुज ऐकू आली. बाबा मला अक्षरं सांगत होते. पंचवीस वर्षांच्या मुलीला, नापास होऊ नये म्हणून, तोंडावर हात धरून. मी म्हटलं, बाबा, सांगू नका, हे बरोबर नाही. बाई हसत सुटल्या. मग एकदम बाबांच्या लक्षात आलं. ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे माका दिसता?" मला ओरडले नाहीत, काही नाही. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांनी समोरच्या प्रत्येक दुकानाची पाटी मोठ्याने वाचली, टेलिफोन नंबरसकट, आणि मी त्यांचा हात धरून चालत होते, कारण आता धरायची गरज मला होती.

माझा नंबर उणे तीन आहे. बाई म्हणाल्या, लहानपणापासून हळूहळू आला असेल. पाटी मांडीवर, मग शाळेत ठेंगणी म्हणून पहिलं बाक, ऑफिसात कागद नाकासमोर. मला वाटायचं की लांबचं सगळ्यांनाच असं दिसतं. बसचा नंबर शेजारच्याला विचारायचा असतो, अशी माझी समजूत होती, ती मला मुंबईची रीत वाटायची. चष्मा आल्यापासून मी घरात फिरून एकेक गोष्ट बघते आहे. स्वयंपाकघरात वरच्या कोपऱ्यात मी ज्याला ओलीचा डाग समजत होते ती पाल आहे. आईचे केस बरेच पांढरे झाले आहेत. आणि समोरच्या झाडाला सुटी सुटी पानं आहेत, हे मला वाचून ठाऊक होतं, पण एवढी असतील असं वाटलं नव्हतं.

म्हणजे आत्ये, मुलुंडला जी नजर लख्ख ठरली ती हीच. जवळचं मला कोणाहीपेक्षा चांगलं दिसतं म्हणून सुई ओवली गेली, आणि दोन हातांपलीकडे माझा सगळा अंदाज. ज्या घरात एकदा डोळ्यांवरून लपवाछपवी झाली, तिथेच मी पुन्हा लख्ख म्हणून जाऊ? आई म्हणते चष्मा हा काही रोग नाही, लग्नानंतर आला म्हणायचं, किती जणींना येतो. बाबा म्हणतात सुगंधा म्हणेल तसं (ते अजूनही सुधारलेले नाहीत). तर तू गणपतीत चंद्रप्रकाशच्या आईंना स्वतः सांग की मुलीला चष्मा आहे, उणे तीन, कायमचा आहे, सुईच्या वेळी तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झाल्याबरोबर तिने कळवलं. जयवंत पीत नाही हेही सांग, पण आधी चष्म्याचं सांग. त्यांनी नाही म्हटलं तर मी काही जीव देणार नाही, थोडे दिवस रडेन आणि रडताना चष्मा काढून ठेवेन. आमचा होकार मात्र आहे.

काकांना साष्टांग नमस्कार. गुडघ्याला तीळतेल लाव, आणि पाणी शेंदू नकोस.

तुझी,
सुगंधा

ता.क. बाबांची गोळी पुन्हा सुरू झाली, आधी अर्धीच. अजून लाल होतात, पण आता आनंदाने होतात. काल तसेच लाल तोंडाने वनमालाकाकूंच्या दारात जाऊन त्यांना गोळ्यांची बाटली दाखवून आले. काकूंनी बाटलीचा वास घेतला म्हणे.

ता.क. २. आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, चष्म्याचा मजकूर खोड. मी खोडणार नाही, पण तिचंही म्हणणं तुला कळवायला हवं म्हणून लिहिते की आईने खोडायला सांगितलं आहे.

ता.क. ३. हे आईला वाचून दाखवलेलं नाही, तूही कोणाला दाखवू नकोस. वर मी होकार लिहिला आहे, आणि तो मुलुंडची मंडळी आली त्याच दिवशी आईने विचारल्यावर मी तोंडाने दिलाही होता. पण आत्ये, मी चंद्रप्रकाशला पाहिलेलंच नाही. पोहे देताना रीतीप्रमाणे मान खाली, तेव्हा त्याचा हात आणि बशी दिसली, ती नीट दिसली. मग मी समोर भिंतीपाशी जाऊन बसले आणि मान वर केली, तर पांढरा शर्ट होता, आणि शर्टाच्या वर जे होतं ते कोणाचंही असू शकतं. तो एकच वाक्य बोलला, "थोडं पाणी मिळेल?" आवाज चांगला होता, मागण्यात नम्रपणा होता, म्हणून मी पसंत म्हटलं. आई म्हणते त्याला मिशी आहे. बाबा म्हणतात मिशी नाही आणि मुलगा हसरा आहे. पण त्या दिवशी बाबांना काही दिसत नाही असं मीच ठरवलेलं होतं, त्यामुळे मी त्यांचं ऐकलं नाही. तेव्हा माझं खरं मागणं एवढंच आहे. आम्ही गणपतीला येतोच आहोत. तू संध्याकाळच्या आरतीला मुलुंडच्या मंडळींना आपल्याकडे बोलाव, आणि चंद्रप्रकाशला समईच्या उजेडात उभं कर. माझ्या चष्म्याबद्दल तू काहीच सांगू नकोस, वर 'सांग' म्हटलं आहे ते सोडून दे. मी तो घालूनच ओटीवर उभी राहीन, त्यांनाही दिसेल आणि मलाही. नंतर नाही म्हणायचं असेल तर त्यांनी म्हणावं, किंवा मी म्हणेन. तोवर वरचा होकार कोणाला देऊ नकोस.